रडण्याला हुंकार नसतो

आमच्या घरात आक्काचा आवाज सगळ्यात मोठा होता. म्हणजे ती भांडकुदळ होती असं नाही. उलट घरात ती इतकं हळू बोलायची की चुलीपाशी बसलेल्याच्या पलीकडं ऐकू जाऊ नये. पण चारठाण्यात कुणाकडं मयत झालं की पहिला निरोप आमच्या दारात यायचा, मग सोयऱ्याधायऱ्यांकडं. आक्का ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाची हळद धड उतरली नव्हती तोच नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्ही दोघं भावंडंही आक्काच म्हणायचो. आई गेली तेव्हा मी अंगावर पीत होते आणि नागू, माझा भाऊ, पाटीवर रेघोट्या ओढायच्या वयाचा. आम्हाला आई म्हणून आठवते ती आक्काच.

तिला बोलावणं असायचं ते रडायला. हे आता पोरांना सांगितलं तर ती तोंडाला हात लावून हसतात. हसोत बापडी. आमच्याकडं त्याला 'आठवणं' म्हणत. मयताच्या उशाशी बसायचं, त्याला नावानं हाक मारायची आणि त्याची एकेक गोष्ट सुरात सांगत रडायचं. इतर बायका 'सोन्यासारखं माणूस गेलं' म्हणून गळा काढायच्या. आक्का असं मोघम कधी रडली नाही. कुंभाराची म्हातारी गेली तेव्हा आक्कानं तिला विचारलं, 'माय, गाडग्याला टिचकी मारून कान लावायचीस, तसं आता आमच्या डोक्याला टिचकी मारून कोण बघंल गं?' आणि जिवंतपणी जिला पाण्याचा तांब्या दिला नाही त्या सुनाही ऊर बडवायला लागल्या. माणसातलं नेमकं काय आठवायचं हे तिला कसं कळायचं, मला अजून सांगता येत नाही.

आमचं घर वाण्याचं. पुढं किराणा, मागं आम्ही. पहाटे आप्पांची लिंगपूजा चालायची. हातावरच्या लिंगावर बेलाचं पान ठेवून ते बारीक आवाजात काहीबाही म्हणायचे, आणि तेवढ्यात आतून आक्काचं जातं सुरू व्हायचं. हळद, गूळ, घासलेट आणि विभूती यांचा मिळून एक वास होता. तो पुढं मला कुठल्याच घरात मिळाला नाही. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, नाहीतर अंबाडीची भाजी आणि वर लसणाची फोडणी. नागूला फोडणीतला लसूण लागायचा. माझ्या ताटातलाही तोच वेचून खायचा आणि मी बोंब मारली की आक्का म्हणायची, "असू दे गं, त्याची हाडं वाढायल्यात." माझी हाडं वाढायची नव्हती की काय, कोण जाणे.

जेवणं झाली की आक्का कहाणी सांगायची. आटपाट नगर, तिथला राजा, त्याची नावडती राणी. तिची एक अट होती. ऐकणाऱ्यानं हुंकार दिला पाहिजे. दर वाक्याला 'हं'. हुंकार थांबला की कहाणीही थांबायची. 'राजा तिथंच उभा ऱ्हायला बघ उन्हात,' असं म्हणून ती गप्प बसायची. मी अर्ध्यात पेंगायचे, पण नागूनं राजाला कधी उन्हात ठेवलं नाही. मिसरूड फुटलं, दुकानात बसायला लागला, तरी रात्री वाकळेवर पडल्यापडल्या तो हुंकार द्यायचा. आक्का विचारायची, "आन् मग राणी काय म्हणली आसंल?" आणि तो उत्तर द्यायचा, दरवेळी निराळं. त्याच्या उत्तरावर ती कहाणी वळवायची. अर्ध्या कहाण्या त्या दोघांनी मिळून रचलेल्या होत्या असं मला आता वाटतं.

मला ती पहिल्यांदा मयताला घेऊन गेली तेव्हा वाटेत तिनं बजावलं होतं, "पारे, तिथं गप बसायचं. म्या काय बी इचारलं तरी हं म्हणायचं न्हाई. कहाणीला हुंकार असतो, रडण्याला हुंकार नसतो." कारण आठवण्यात सवाल फार. 'आता दारात कोण बसंल रं', 'मला कुणाच्या हवाली केलंस गं', 'तुज्या वाटंनं आता कोण जाईल रं'. हे सवाल मेलेल्याला असतात. जिवंत माणसानं त्याला ओ द्यायची नाही. दिली तर मेलेलं माणूस त्याचा हात धरतं, असं बायका म्हणायच्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास तेव्हाही फारसा नव्हता. पण बाईच्या जातीला हे लहानपणीच सांगितलं जायचं. पुरुषांना ते ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मयताच्या घरी पुरुष बाहेर, लाकडं, गाडी, बांबू अशी कामाची बोलणी करत उभे राहायचे. आतलं रडणं त्यांच्या कानांवर पडायचं, पण ते ऐकायचे नाहीत.

एक पुरुष मात्र ऐकायला लागला. वामन मास्तर. सरकारी शाळा उर्दूची, म्हणून मास्तर देवळाच्या दगडी मंडपात पोरांना मराठी शिकवायचे आणि जमेल तेव्हा मोठ्यांना स्वराज्य. माणूस काटकुळा, डोळे मोठे, कोटाला कोपरावर ठिगळ. मनानं गंगेसारखा स्वच्छ, पण बोलायला उभा राहिला की माणसं जांभया द्यायची. जबाबदार राज्यपद्धती, नागरी हक्क, प्रजेची सनद असे एकेक शब्द ते काढायचे आणि ओळीनं मांडायचे. एकदा त्यांचं बोलणं संपल्यावर एक कुणबी आदबीनं म्हणाला, "मास्तर, तुमचं समदं बरोबर हाय. पर जवारी काढणीला आलीय. हे सुगी झाल्यावर केलं तर न्हाई का चालणार?" मास्तरांचा चेहरा पडला तो मी पाहिला. त्यातून निजामाचं राज्य. चार माणसं एकत्र बसायची तर इजाजत काढा, कीर्तनाला इजाजत काढा. आणि इजाजत मिळाली तरी कोपऱ्यात जमादार बसलेला, कोण काय बोललं ते वर कळवायला.

त्या कुंभाराच्या म्हातारीच्या मयतालाही जमादार येऊन बसला होता, कारण माणसं जमली होती ना. आक्का रडत होती, आणि जमादारानं बाहीनं डोळे पुसले. मास्तर बाजूला उभे होते. त्यांनी थट्टेनं विचारलं, "जमादारसाहेब, ह्या जलशाची इजाजत काढली का?" जमादार नाक ओढत म्हणाला, "रोने कू काहे की इजाजत, मास्तर? रोने पे भी बंदी लगाये तो मरना किसलिए?" मास्तर हसले.

दुसऱ्या दिवशी मास्तर आमच्या परसदारी आले. आक्का ज्वारी पाखडत होती. ते उंबऱ्यावरच बसले आणि म्हणाले, "आक्का, मी तासभर बोलतो तर माणसं मागून उठून जातात. तुम्ही घडीभर रडता तर जमादार डोळे पुसतो. काय करता तुम्ही?"

"काय करणार? रडते."

"तसं नाही हो. मला शिकायचंय."

आक्कानं सूप खाली ठेवलं. तिला वाटलं मास्तर चेष्टा करतात. "रडणं शिकायला लागतंय का मास्तर? तुमी समद्यायबद्दल बोलता. म्या एकाबद्दल रडते. एवढंच हाय."

मास्तरांनी सुपातले चार दाणे उचलून तळहातावर घोळवले. मग म्हणाले, "पण तुमच्या रडण्यानं माणसं मोकळी होतात आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरतात. त्यांना मोकळं होऊ दिलं नाही तर?"

"मोकळं व्हायसाठीच रडतेत की. मोकळं न्हाई झालं तर मानूस मरंल." असं म्हणून तिनं सूप उचललं, आणि ते बोलणं तिथं संपलं. मी पाणी घेऊन आले होते, ते मास्तरांनी न पिताच खाली ठेवलं.

माझ्या नातीला कॉलेजात भाषणाची बक्षिसं मिळतात. परवा तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं ती मला सांगत होती. आजी, आकडेवारी कुणाच्या लक्षात राहत नाही. एका माणसाची गोष्ट सांगायची. काळजाला हात घालायचा. मग प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. ती आरशापुढं उभी राहून थांबायचा सराव करत होती. पोरगी गुणी आहे, बक्षीस तिलाच मिळणार. मी मात्र देवघरात जाऊन बसले.

किसनचं सांगते. सुंदराबाई आमची शेजारीण, शेतकरीण, आक्काची एकुलती एक मैत्रीण, आणि किसन तिचा एकुलता एक मुलगा. किसन आणि नागू एका वयाचे, एका पाटीवर शिकलेले. बाळंतपणात सुंदराबाई तापानं फणफणली तेव्हा किसनला आक्कानं मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. चळवळीची हवा आमच्या गावापर्यंत आली तसा किसन हद्दीपलीकडं वऱ्हाडात ये-जा करायला लागला. निरोप न्यायचा, निरोप आणायचा. तोवर निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्याही गावोगाव फिरायला लागल्या होत्या आणि संध्याकाळ झाली की दारं लागायची. एका सकाळी किसन परत येताना हद्दीवरच्या नाक्याजवळ गोळी लागून पडला. कुणी म्हणे नाक्यावरच्यांनी घातली, कुणी म्हणे टोळीनं. ओळखीच्या गाडीवानानं त्याला कडब्यात घालून, वर पोतं टाकून आणलं.

मास्तर त्या दिवसांत लपून असायचे, पण ते आले. आमच्या परसदारातूनच आले. आक्का सुंदराबाईकडं निघाली होती, डोक्यावरचा पदर नीट करत होती. मास्तर म्हणाले, "आक्का, आज मी तुम्हाला काय बोलायचं ते सांगणार नाही. दोनच गोष्टी मागतो. पुरुषांना आज तुमच्यासमोर बसवतो, लांब उभे करत नाही. आणि 'तुझ्या वाटेनं कोण जाईल' असं तुम्ही विचारता ना, ते शेवटी विचारा, आणि विचारल्यावर थांबा. दुसऱ्या बाईला सूर उचलू देऊ नका."

मला वाटलं ती त्यांना हाकलून लावेल. रडणं कधी थांबत नसतं. एकीचा श्वास संपला की दुसरी उचलते, म्हणजे मयताला एकटं वाटत नाही. पण आधीच एकदा जाऊन किसनला बघून आलेली ती बाई वेगळीच होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. आणि आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी कळली नाही, पुढं स्वतः संसार केल्यावर कळली. आक्काकडं जन्मात कुणी काही मागितलं नव्हतं, भाकरीशिवाय. ती म्हणाली, "बसवा."

सुंदराबाईच्या अंगणात लिंबाखाली किसनला ठेवलं होतं. एका बाजूला आम्ही बाया, आणि समोर, कधी नव्हे ते, पुरुष मांडी घालून बसलेले. आप्पा होते, नागू पुढंच होता, त्याच्या मित्राच्या पायाशी. जमादार दारात उभा राहिला, मास्तरांना बघूनही आत आला नाही. आक्का उशाशी बसली. तिनं किसनच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि सूर धरला.

"किसना रं, तुला म्या न्हाऊ घातलं रं. तवा तुजं डोकं माज्या तळहातात मावत हुतं. टाळू अजून भरली नव्हती, म्या तेल जिरवलं रं तुज्या टाळूवर. जिथं तेल जिरवलं तिथं ह्यायनी शिसं घातलं रं. तुजी माय वाटंकडं बघायली हुती, भाकरी झाकून ठिवली हुती. भाकरी तशीच हाय रं, उतरंडीवर..."

समोरचे पुरुष खाली बघत होते. मी गावातले ते बाप्ये कधी रडताना पाहिले नव्हते. पाटलांनी तोंड उपरण्यात घातलं होतं. सुंदराबाई तर सुन्न बसली होती, तिच्या वाटचंही आक्काच रडत होती. सूर चढत गेला, चढत गेला, आणि मग तिनं विचारलं, "अर्धी वाट चाललास, अर्धी ऱ्हायली. किसना रं, तुज्या वाटंनं आता कोण जाईल?"

आणि ती थांबली.

शेजारच्या म्हातारीनं सवयीनं सूर उचलायला तोंड उघडलं, तर आक्कानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. लिंबावरची पाखरं बोलत होती तेवढीच. सगळं अंगण त्या सवालाखाली वाकून बसलं होतं. ते थांबणं किती वेळ होतं मला सांगता येणार नाही. मला ते सहन होत नव्हतं एवढं आठवतं. मग नागू म्हणाला, "हं."

नेहमीसारखाच, वाकळेवरून म्हणायचा तसाच. मग तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी जातो, आक्का."

त्याच्या मागं आणखी एक उभा राहिला, मग आणखी, मग लिंबाखाली बसलेलं कुणी राहिलंच नाही. 'मी बी', 'मी बी' असा एकच गलका झाला. कुणी देवाची शपथ घेत होतं, कुणी किसनच्या पायाला हात लावत होतं. मास्तर मागं भिंतीला टेकून उभे होते आणि लहान पोरासारखे रडत होते. मी आक्काकडं बघत होते. तिचं तोंड उघडं होतं, सूर कुठल्या कुठं गेला होता. ती नागूकडं बघून नुसती मान हलवत होती, नाही, नाही. तिच्याकडं कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं त्याला ओट्यावर धरलं. आप्पा बाजूला उभे होते. ते मनातून भ्यायलेही होते आणि त्यांची मानही ताठ झाली होती, मला दोन्ही दिसत होतं.

"नागू, तू हं कामून म्हणलास?"

"तुमी इचारलं म्हणून."

"म्या तुला न्हाई रं इचारलं. म्या किसनला इचारलं. ते मेलेल्याला इचारायचं असतंय."

नागू हसला. "किसन कुठून सांगणार, आक्का? मी सांगितलं त्याच्या वतीनं. आता समद्या गावासमोर उभा ऱ्हायलो, शबूद मागं घेऊ का?"

"घे. माज्यासाठी घे."

"तुमच्यासाठीच तर जायलोय," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. आक्का ओट्यावर खाली बसली. दगडाला पाझर फोडणारी बाई, पण घरच्या पोराला वळवायला तिच्याजवळ शब्द नव्हता. सकाळी तिनं धपाटे केले, लसूण सढळ हातानं घालून, आणि फडक्यात बांधून दिले. तो आप्पांच्या पाया पडला, तिच्या पाया पडला, माझी वेणी ओढली आणि गेला. मी चिडून त्याला काहीतरी बोलले. काय बोलले ते मला आठवत नाही, आठवायचा मी फार प्रयत्न केला आहे.

त्या हिवाळ्यात गावातली बरीच पोरं वऱ्हाडात गेली. पोरं यायची-जायची, नाके फुटायचे, कुठं सरकारचा ताडीचा महसूल बुडवायला तोडलेली शिंदीची झाडं पडायची. मास्तरांचं नाव मोठं झालं. आक्काला दुसऱ्या गावांहून बोलावणी यायला लागली, 'आमच्याकडंबी एक पोरगं गेलंय, येऊन आठवा' म्हणून, आणि निरोप आणणारा अदबीनं म्हणायचा की माणसं पुष्कळ जमतील. ती कुठंच गेली नाही. गुडघे दुखायलेत म्हणायची. कहाण्याही बंद झाल्या. मी एकदा म्हणाले, आक्का सांगा की, मी हुंकार देते. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी नागू गेला. रस्त्यानं दुरड्या विकत फिरणाऱ्या एका माणसानं बातमी आणली. खरं तर तो दुरड्या विकणारा नव्हताच, चळवळीतला होता. आप्पा दुकानातून उठून आत आले आणि भिंतीला धरून बसले. तो माणूस सांगत होता की नागू किती धीराचा होता, जाताना सगळ्यांच्या पुढं होता, देह मागं आणता आला नाही, हद्दीपलीकडंच माती दिली. आक्का ऐकत होती. त्याचं बोलणं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"बसवून माती दिली का निजवून?"

आमच्यात मयताला बसवून पुरतात, हातावर लिंग ठेवून, विभूती लावून, भोवती बेल घालून. त्या माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो गोंधळला. "घाई होती, माय," तो म्हणाला. आक्का "बरं" म्हणाली आणि त्याला जेवायला वाढायला उठली. तो नको नको म्हणत होता, पण तिनं ताट केलं आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. मला नागूची आठवण येते ती बहुधा ह्याच जागी येते, त्याच्या बसण्यापाशी. कुणी बसवलं असेल का त्याला.

बाया जमल्या. चारठाण्यातल्या सगळ्या आल्या, ज्यांच्या-ज्यांच्या मेलेल्यासाठी आक्का रडली होती त्या सगळ्या. ओसरीवर दाटीनं बसल्या आणि आक्कानं सुरुवात करायची वाट बघत राहिल्या. समोर मयत नव्हतं, नागूचा एक सदरा आप्पांनी पाटावर ठेवला होता. आक्का सदऱ्याकडं बघत होती. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं तरी तिनं तोंड उघडलं नाही. मग सुंदराबाई पुढं सरकली. तिला आठवणं यायचं नाही, तिचा आवाज फाटका. तिनं कसंबसं म्हटलं, "नागू रं, तू माज्या किसनची वाट..." आणि तिला पुढचं येईना. तिथंच ती आक्काच्या मांडीवर पडली. आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नागूसाठी आमच्या घरात एवढंच रडणं झालं.

मग पावसाळा सरता सरता फौजा आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले, आप्पांनी दुकानातला गूळ पोरांना मोकळा करून दिला आणि आत येऊन बसले. आनंद खोटा नव्हता. मला स्वतःला तो झाला होता, दारं उघडी टाकून झोपता येत होतं. मास्तर उजळ माथ्यानं परत आले. दाढी पिकलेली, खोकला लागलेला. ते आमच्याकडं येऊन आक्काच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडले. मी त्यांच्यावर राग धरायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण त्या माणसानं स्वतःसाठी काही मिळवलेलं नव्हतं, आणि राग टिकायला तेवढं तरी लागतं.

बाजाराच्या मैदानात सभा ठरली. बैलगाड्या जोडून व्यासपीठ केलं, जिंतूरहून कर्णा आणला. गावात कर्णा पहिल्यांदाच आलेला, म्हणून ताडपत्र्या टाकून आसपासच्या खेड्यांतली माणसं सकाळपासून बसली होती. मास्तर आता फार चांगलं बोलायचे. किसनबद्दल बोलले, नागूबद्दल बोलले, एकेक बारीक गोष्ट सांगत, आणि योग्य तिथं थांबत. लोक हुंदके देत होते. मग ते म्हणाले, "आता वीरमाता दोन शब्द बोलतील." आक्कानं मागं वळून बघितलं, कोण वीरमाता आली म्हणून. माणसांनी तिला हाताला धरून गाडीवर चढवलं आणि कर्ण्याच्या नळीपुढं उभं केलं. मी खाली, गाडीच्या जोखडाला धरून उभी होते.

ती सुरात बोलली नाही. चुलीपाशी बोलायची तशीच बोलली, पण त्या यंत्रानं तिचा तो बारीक आवाज पार ओढ्यापलीकडं नेला. "मला बोलता येत न्हाई," ती म्हणाली. "नागूला म्या कहाण्या सांगायची. हुंकार दे, न्हाईतर राजा उन्हात उभा ऱ्हाईल, असं म्याच शिकवलं त्याला. लय गुणाचं लेकरू, कधी चुकलं न्हाई. रडण्याला हुंकार देऊ नये, हे म्या पोरीला सांगितलं. त्याला सांगायचं ऱ्हायलं. पुरुष मानूस, त्याला काय करायचंय, असं वाटलं मला. म्या त्याला इचारलंच नव्हतं बाबायनो. त्याला वाटलं, म्या त्यालाच इचारलं."

मग पुढं बसलेल्यातलं कुणीतरी हमसून रडलं, आणि एक पोरगा उठला. मिसरूडही न फुटलेला. त्यानं मूठ वर करून नागूच्या नावाचा जयजयकार केला. दुसरा उठला. मग पोरांची रांगच्या रांग उभी राहिली, डोळ्यांत पाणी, मुठी वर, तोंडं गाडीकडं. आक्कानं ती उभी राहिलेली पोरं बघितली. तिनं दोन्ही हात पुढं केले, अंगणातली कोंबडी हाकलावी तसे.

"बसा रं खाली," ती कर्ण्यात म्हणाली. "उठू नका. म्या काय बी इचारलं न्हाई तुमाला. घरी जावा. तुमच्या माया भाकरी थापायल्यात, घरी जावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ती पुन्हा म्हणाली, "जावा रं," आणि टाळ्या आणखी वाढल्या. मास्तर डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. जयजयकार चालला होता, पागोटी उडत होती, एकही जण घरी जायला वळला नाही. ती म्हणतच होती, जावा, जावा. मी गाडीवर चढले आणि तिचा हात धरला.

"पारे," तिनं मला विचारलं, "त्यायला ऐकू जायना का?"

सगळ्यांना ऐकू जात होतं.